आवाजाचे माप आणि आवाजाचे मोल



घरातील मोबाइल फोनवर 'जागा शिल्लक नाही' अशी सूचना झळकली, की पुढे काय होते ते तुम्हांला सांगायला नको. कोणीतरी फोन हाती घेतो आणि भराभर फाइली पुसू लागतो. त्यांत आजीने सांगितलेली एखादी जुनी गोष्ट असते, गावच्या भजनी मंडळाचा अभंग असतो, शाळेतील नाटुकल्याचे ध्वनिमुद्रण असते. पुसणाऱ्याला विचारा, की या फाइलीने नेमकी किती जागा अडवली होती? बहुधा उत्तर मिळत नाही. पाव किलो शेंगदाणे घेताना आपण काट्याकडे टक लावून पाहतो. आवाजाच्या बाबतीत मात्र माप न पाहताच टाकून देतो किंवा माप न पाहताच साठवत राहतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आवाजाचे हे माप काढता आले पाहिजे. त्यासाठी गुणाकार आणि भागाकार यांपलीकडचे गणित लागत नाही. आणि एकदा हे माप काढता आले, की कोणता आवाज किती जागेत ठेवावा आणि कोणता मूळ स्वरूपात जपावा, हे त्याने स्वतः ठरवले पाहिजे. फोन बनवणाऱ्यावर किंवा संदेशवाहक ॲपवर सोडून देऊ नये.

आवाजाचे आकडे कसे होतात?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे भराभर चढउतार. मायक्रोफोन या चढउतारांचे विजेच्या दाबातील चढउतारांत रूपांतर करतो. संगणकाला मात्र आकडेच समजतात. म्हणून ठरावीक अंतराने त्या विद्युत् दाबाचे मोजमाप घेऊन आकडे लिहून ठेवतात. रुग्णालयात पेशंटचा ताप दर चार तासांनी पाहून तक्त्यावर टिंबे देतात आणि ती टिंबे जोडली की तापाचा आलेख दिसू लागतो, तसेच हे आहे. अशा प्रत्येक मोजमापाला 'नमुना' म्हणू.

नमुने किती वेळा घ्यायचे? चित्रपटात टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते, हे तुम्ही पाहिले असेल. चाकाच्या आऱ्या भराभर फिरतात आणि कॅमेरा सेकंदाला फक्त २४ चित्रे घेतो. त्यामुळे डोळ्याची फसगत होते. आवाजातही नमुने विरळ घेतले तर अशीच फसगत होऊन भलताच स्वर उमटतो. ती टाळायची तर जो सर्वांत उंच स्वर पकडायचा असेल, त्याच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घ्यावे लागतात. निरोगी तरुण माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या काँपॅक्ट डिस्कसाठी, म्हणजे सीडीसाठी, सेकंदाला ४४,१०० नमुने हा आकडा ठरवण्यात आला.

प्रत्येक नमुना किती बारकाईने लिहायचा, हा दुसरा प्रश्न. संगणक फक्त ० आणि १ हे दोन अंक जाणतो. असा एक अंक म्हणजे एक 'बिट'. आठ बिटांनी २५६ पायऱ्या मोजता येतात, तर सोळा बिटांनी ६५,५३६. सीडीवर प्रत्येक नमुन्यासाठी १६ बिट वापरतात आणि डाव्या व उजव्या कानासाठी दोन वेगळे मार्ग ठेवतात. आता गुणाकार करा : ४४,१०० × १६ × २ = १४,११,२००. म्हणजे सीडीवरील संगीताच्या प्रत्येक सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट लागतात. सेकंदाला लागणाऱ्या या बिटांच्या संख्येलाच 'बिट-दर' म्हणतात. हजार बिटांचा एक किलोबिट धरला, तर सीडीचा बिट-दर झाला १४११.२ किलोबिट.

याच्या उलट टोकाला टेलिफोन आहे. टेलिफोनवर गाणे ऐकायचे नसते, निरोप समजायचा असतो. म्हणून अंकीय टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट एवढ्यावरच भागवले. बिट-दर फक्त ६४ किलोबिट. पण त्याची किंमतही मोजावी लागली. सुमारे ३,४०० हर्ट्‌झच्या वरचे आवाज टेलिफोनवर पोहोचतच नाहीत. आणि 'स', 'फ' यांसारख्या वर्णांची ओळख तर बरीचशी त्या वरच्या भागातच असते. फोनवर नाव सांगताना 'स, सशातला' असे सांगण्याची पाळी येते ती म्हणूनच.

उपकारक साडेसाती

आता फाइलीचा आकार. बिट-दराला सेकंदांनी गुणले की एकूण बिट मिळतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून आठाने भागले की बाइट मिळतात. एका मिनिटाचे सेकंद ६०. साठ भागिले आठ म्हणजे साडेसात. तेव्हा एक सोपा नियम लक्षात ठेवा : किलोबिटांतील बिट-दराला साडेसातने गुणा, एका मिनिटाला लागणारे किलोबाइट मिळतील. पंचांगातील साडेसातीला लोक विनाकारण भितात; ही साडेसाती मात्र कामाची आहे.

१२८ किलोबिट दराचे गाणे मिनिटाला १२८ × ७.५ = ९६० किलोबाइट जागा घेते. पाच मिनिटांचे गाणे झाले ४.८ मेगाबाइट. तेच गाणे ३२० किलोबिट दराने ठेवले तर १२ मेगाबाइट, ६४ किलोबिट दराने ठेवले तर २.४ मेगाबाइट, आणि सीडीच्या मूळ दराने ठेवले तर जवळजवळ ५३ मेगाबाइट. फोनवर दिसणारा आकडा किंचित वेगळा असेल, कारण काही यंत्रे हजाराऐवजी १,०२४ चा किलो धरतात आणि फाइलीत गाण्याचे नाव, चित्र असा आणखी मजकूरही असतो. पण अंदाजाला हा नियम पुरेसा आहे.

येथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. बिट आणि बाइट ही वेगवेगळी मापे आहेत. इंटरनेटचा वेग मेगाबिटांत सांगतात आणि फाइलीचा आकार मेगाबाइटांत. 'सेकंदाला ८ मेगाबिट' वेगाच्या जोडणीवरून सेकंदाला ८ मेगाबाइट नव्हे, तर जास्तीत जास्त एकच मेगाबाइट उतरतो.

लघुलिपी आणि सारांश

सीडीचे ५३ मेगाबाइट ४.८ मध्ये बसतात ते कसे? मराठीच्या तासाला तुम्ही उताऱ्याचे सारांशलेखन करता. कचेरीतील लघुलेखक लघुलिपीत मजकूर टिपून घेतो. दोन्हींत कागद कमी लागतो, पण फरक मोठा आहे. लघुलिपीवरून मूळ मजकूर शब्दशः पुन्हा लिहिता येतो. सारांशावरून मूळ उतारा कधीच उभा करता येत नाही. ध्वनीच्या बाबतीतही असेच दोन प्रकार आहेत. 'फ्लॅक' ही पद्धत लघुलिपीसारखी : जागा साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश लागते आणि एकही बिट न गमावता मूळ आकडे परत मिळतात. 'एमपी-थ्री' ही पद्धत सारांशासारखी. तिच्यात काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो.

काय टाकायचे हे ठरवण्यासाठी एमपी-थ्रीच्या कर्त्यांनी माणसाच्या कानाचा अभ्यास केला. ढोल-ताशांचा गजर चालू असताना शेजारी कोणी कुजबुजले तर ऐकू येत नाही. मोठा आवाज आपल्या जवळपासच्या कंप्रतेचे लहान आवाज झाकून टाकतो. मग जे ऐकूच येत नाही त्यावर बिट कशाला खर्चायचे? जर्मनीतील कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना अनेक वर्षे खपून तडीस नेली. ही पद्धत ज्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे ते १९९३ साली प्रसिद्ध झाले आणि 'एमपी-थ्री' हे फाइलीचे आडनाव १९९५ साली ठरले. पद्धत घडत असताना ब्रांडेनबुर्ग यांनी परीक्षेसाठी सुझान व्हेगा या अमेरिकी गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे वाद्यांच्या साथीविना गायिलेले गीत पुन्हा पुन्हा वापरले. सुरुवातीला तिचा आवाज फारच बिघडून येत असे. दोष झाकायला एकही वाद्य नसल्याने एकट्या माणसाचा आवाज ही अशा पद्धतीची कठीण परीक्षा असते. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

हे संशोधन मोठ्या बुद्धिमत्तेचे आहे आणि त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. अकरा घागरी पाणी एका घागरीत मावावे आणि पिणाऱ्याला फरक कळू नये, अशी ही करामत आहे. माझी तक्रार आपण ती वापरतो कशी, याविषयी आहे. त्यात दोन चुका हमखास होतात.

मोठ्या आकड्याचा मोह

पहिली चूक म्हणजे आकडा मोठा तो चांगला, ही समजूत. फाइलीचा आकार बिट-दराच्या प्रमाणात वाढतो. दर दुप्पट, जागा दुप्पट. आवाजाचा दर्जा मात्र तसा वाढत नाही. ३२ वरून ६४ किलोबिटवर जाताना जो फरक जाणवतो, तो १६० वरून ३२० वर जाताना जाणवत नाही. शिवाय बिट-दरांची तुलना एकाच पद्धतीत करावी. २०१२ साली प्रमाणित झालेली 'ओपस' ही पद्धत कमी बिटांत एमपी-थ्रीपेक्षा सरस आवाज देते. तेव्हा नुसत्या आकड्यावरून दर्जा ठरवणे म्हणजे पानांच्या संख्येवरून पुस्तक जोखणे होय.

याहूनही वेडगळ प्रकार म्हणजे ६४ किलोबिटची फाइल घेऊन तिचे ३२० किलोबिटमध्ये रूपांतर करणे. फाइल पाचपट फुगते, आवाज तसूभरही सुधारत नाही. दुधात पाणी घातले तर माप वाढेल, साय वाढणार नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. 'ऑडॅसिटी' नावाचा संगणकीय कार्यक्रम फुकट मिळतो. एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण मूळ 'वेव्ह' स्वरूपात घ्या आणि त्याच्या १२८ व ३२ किलोबिट दरांच्या एमपी-थ्री प्रती करा. मग मित्राला संगणकापाशी बसवा आणि तुम्ही पाठ करून बसा. मित्राने नाणे उडवून मूळ किंवा १२८ ची प्रत वाजवावी आणि ती कोणती हे तुम्ही ओळखावे. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजानेही सरासरी पाच उत्तरे बरोबर येतातच. दहापैकी नऊ किंवा अधिक नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये फक्त ११ आहे. म्हणून नऊ बरोबर आली तरच 'मला फरक कळतो' असे म्हणा. नंतर हाच प्रयोग ३२ च्या प्रतीवर करा. तेथे बहुतेकांना फरक चटकन कळेल.

मूळ प्रत फेकण्याची घाई

दुसरी चूक अधिक गंभीर, कारण ती दुरुस्त करता येत नाही. आपण सारांश ठेवतो आणि मूळ उतारा फाडून टाकतो.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे फार मोठे काम हेमा राईरकर आणि गी प्वात्वाँ यांनी केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे आणि त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले आहे. घरोघरी पिठाच्या गिरणीचे पीठ येऊ लागले आणि पहाटेचे जाते थांबले. आज ओवी गाणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आहेत. अशी एखादी आजी तुमच्या गावातही असेल. तिचा आवाज तुम्ही फोनवर घ्याल आणि कौतुकाने संदेशवाहक ॲपवरून मामाला पाठवाल. बोललेला संदेश म्हणून गेलेला आवाज सहसा फार कमी बिट-दराने दाबलेला असतो. मग जागा संपते, मूळ फाइल पुसली जाते आणि मागे उरतो तो सारांश.

'पण कानाला फरक कळत नसेल तर मूळ प्रत हवी कशाला?' असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. माझी उत्तरे तीन आहेत.

एक : सारांशाचा सारांश, त्याचा पुन्हा सारांश, असे करत गेले तर प्रत्येक खेपेला काही ना काही गळते. आज ऐकायला पुरेशी असलेली प्रत उद्या कापून, जोडून, पुन्हा दाबून वापरण्याजोगी उरत नाही.

दोन : आजी गात असताना डोक्यावर पंखा घरघरत असतो. त्या घरघरीखाली झाकले गेलेले आवाजाचे बारकावे 'नाहीतरी ऐकू येत नाहीत' म्हणून दाबण्याच्या पद्धतीने टाकून दिलेले असतात. उद्या पंख्याची घरघर अचूक वेगळी काढणारे तंत्र हाती आले, तरी घरघरीखाली सापडणार काय? भारतात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. त्या जुन्या तबकड्यांतून नवी यंत्रे आज अधिक स्वच्छ आवाज काढू शकतात, कारण खाचांत जे कोरले गेले होते ते कोणी मुद्दाम पुसलेले नव्हते.

तीन : दाबण्याची ही पद्धत ऐकणाऱ्या माणसाचा कान समोर ठेवून बनवलेली आहे, मोजणाऱ्या यंत्रासाठी नव्हे. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च मराठी माणूस वेगळा उच्चारतो. बोलीबोलींत हे उच्चार बदलतात आणि त्यांतील फरक बराचसा वरच्या कंप्रतांच्या खसखशीत असतो. कमी बिट-दर सर्वांत आधी तेथेच कात्री लावतो. उद्या कोणी मालवणीचा किंवा अहिराणीचा अभ्यास करायला तुमची फाइल उघडली, तर त्याला हवी असलेली खूणच कापली गेलेली असेल. रातकिड्यांचे किंवा पक्ष्यांचे आवाज विज्ञानप्रकल्पासाठी घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आणि बहुतेक लहान वटवाघळांची किलबिल तर २०,००० हर्ट्‌झच्या वर असते. तिच्यासाठी सीडीचा नमुना-दरही अपुरा पडतो.

जागेचे काय?

आता पुन्हा गणिताकडे वळू. आजी एकटी गाते आहे, तेव्हा दोन मार्गांची गरज नाही, एकच पुरे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे दर ७६८ किलोबिट. साडेसातने गुणा : मिनिटाला ५,७६० किलोबाइट. दहा मिनिटांच्या ओव्या झाल्या ५७.६ मेगाबाइट. आता सेकंदाला १ कोटी बिट या दराने घेतलेली चित्रफीत पाहा. ती एकाच मिनिटाला ७५ मेगाबाइट खाते. म्हणजे आजीच्या दहा मिनिटांच्या न दाबलेल्या आवाजापेक्षा वाढदिवसाच्या एका मिनिटाच्या चित्रफितीने अधिक जागा अडवलेली असते. फोन भरला तर कशावर हात चालवायचा, हे आता तुम्हीच ठरवा. ३२ गिगाबाइटच्या एका नखाएवढ्या कार्डावर असा न दाबलेला आवाज ९२ तास मावतो. एका गावच्या सगळ्या ओव्या त्यावर राहतील.

म्हणून माझा आग्रह असा. जो आवाज पुन्हा मिळणार नाही, त्याची एक मूळ प्रत न दाबता किंवा फ्लॅकसारख्या लघुलिपीत ठेवावी आणि तिला कधी हात लावू नये. वाटण्यासाठी तिच्यावरून हव्या तितक्या लहान प्रती काढाव्यात. बोलण्यासाठी ६४ किलोबिटची एमपी-थ्री बहुधा पुरते. मूळ फाइल पाठवायची झाल्यास दस्तऐवज म्हणून जोडावी, म्हणजे ती सहसा जशीच्या तशी पोहोचते. आणि फाइलीच्या नावात गायिकेचे नाव, गाव व तारीख जरूर लिहावी, कारण नाव नसलेली फाइल दहा वर्षांनी घरच्यांनाही ओळखू येत नाही. रोज ऐकायच्या चित्रपटगीतांना, वर्गातील सूचनांना हा थाट नको. ते १२८ काय, ६४ मध्येही सुखाने नांदतील.

शिक्षकमित्रांना एक विनंती. नळ आणि हौद, काळ आणि काम यांची गणिते आपण वर्षानुवर्षे घालतो. त्यांच्या जोडीला यंदा हे एक घाला : 'एका शाळेने गावातील १२ वृद्धांचे प्रत्येकी ४० मिनिटे ध्वनिमुद्रण केले. नमुने सेकंदाला ४८,०००, प्रत्येकी १६ बिट, मार्ग एक. तर एकूण जागा किती लागेल?' मुले उत्तर काढतील : सुमारे २.७६ गिगाबाइट. ते निघाले की त्यांना बारा नावांची यादी करायला सांगा आणि फोन घेऊन पहिल्या घरी पाठवा.